हादऱ्यांसाठी वेगळा फोल्डर

परवा सकाळी ओट्यावर उपडे घातलेले स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणले, आणि मी तव्यावरची पोळी तशीच टाकून दारात जाऊन उभी राहिले. खालच्या मजल्यावरून हंसाबेन ओरडल्या, "मेधाबेन, तमने लाग्यु?" मी वरूनच म्हटलं, "हो, लागला धक्का." एवढंच बोलणं. पोळी करपली. दिवसभर मग काही धड झालं नाही. पुस्तक उघडलं, मिटलं. कपाट आवरायला काढलं आणि कपडे पलंगावर तसेच राहिले.

डहाणूत थंडी आल्याच्या खुणा पूर्वी साध्या होत्या. चिकूच्या वखारींसमोर खोकी रचलेली दिसायची. सकाळी नीरेवाल्याची सायकल यायची. वारा फिरला की चिंचणीकडून सुकत घातलेल्या बोंबलांचा वास यायचा आणि आमच्या इमारतीतली अर्धी घरं खिडक्या लावून घ्यायची, अर्धी उघडायची. आता त्यात ही आणखी एक खूण. भूकंपाला मोसम नसतो हे मला कळतं. तो उन्हाळ्यातही येतो, भर पावसातही. पण पहिल्यांदा तो आमच्याकडे आला आणि जायचं नाव घेईना, ते दिवस थंडीचे होते. म्हणून अजूनही हवेत गारवा आला की पायांखाली काहीतरी सैल झाल्यासारखं वाटतं.

त्या थंडीत आम्हाला आधी कळलंच नाही की हे काय आहे. आमचं घर रुळांपासून फार लांब नाही. मालगाडी गेली की तावदानं थरथरतात, त्याची सवय झालेली. माझा नवरा विनय रेल्वेच्या सिग्नल विभागात आहे. त्यानेच पहिल्यांदा सांगितलं, "ही गाडी नाही. गाडीला दिशा असते, एकीकडून येते, दुसरीकडे जाते. हे सरळ खालून आलं." मग आवाज ओळखू यायला लागला. आधी कुणीतरी दूर लोखंडी पिंप ढकलल्यासारखी गुरगुर, मग एक धक्का. संपला म्हणेस्तोवर संपलेला. भीती वाटायची ती धक्क्यानंतरच. पुढच्याची.

आमच्यापेक्षा वाईट दशा तलासरीकडे होती. तिथल्या पाड्यांमध्ये भिंतींना तडे गेले होते, लोक अंगणात ताडपत्र्या बांधून झोपत होते. आणि तिथेच, झरीला, माझी मोठी नणंद सुलूताई शाळेत शिकवत होती. लग्न केलं नाही तिने. गावातच भाड्याची खोली घेऊन राहायची. सासूबाई आमच्याजवळ. सुलूताई शनिवारी दुपारी यायची, सोमवारी पहाटेच्या बसने जायची. धक्के सुरू झाल्यावर तिने शनिवारचं येणंही बंद केलं. "पोरांच्या आया मला विचारतात, बाई, तुम्ही पण चालल्या का? काय सांगू त्यांना?" ती फोनवर म्हणाली. तिच्या मागे कुणाचं तरी मूल रडत होतं आणि ट्रकचे हॉर्न वाजत होते.

मी घरून भाषांतराचं काम करते. औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला कागद असतो ना, कुणी वाचत नाही तो, त्याचं मराठी मी करते. आमच्या एजन्सीची एक मेलिंग लिस्ट आहे. काम आलं की ते सगळ्या भाषांतरकारांना एकदम मेल टाकतात, आणि जो आधी उत्तर देईल त्याला काम. त्यामुळे माझा डोळा सदैव मेलवर. त्यातच, त्या थंडीत, पुण्याच्या एका निवृत्त भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांनी आमच्या भागासाठी दुसरी एक लिस्ट सुरू केली. धक्का जाणवला की ज्याला जमेल त्याने लिहायचं: कुठे होतात, काय हललं, आवाज आला का, जनावरं बिथरली का. मी नाव नोंदवलं. सुलूताईनेही. तिला मेल लिहायला वेळ नसे, ती फोनवर सांगे आणि मी तिच्या नावाने लिहून पाठवी. पुढे झरीहून बोलणं क्वचितच लागायला लागलं, लिहिलेलं तेवढं पोचे, तेव्हा तिनेच फोनवरून लिहायला सुरुवात केली.

मला वाटलं होतं, पाचदहा जण असतील. पण लोकांना बोलायचं होतं. डहाणूचे दुकानदार, तलासरीचे शिक्षक, तारापूरला कारखान्यात जाणारी मुलं, सीमेपलीकडची गुजरातीतून लिहिणारी माणसं. एक धक्का आला की मेलांचा पूर. "आमच्याकडे भांडी पडली." "आमच्याकडे काही नाही." "माझ्या सासऱ्यांना चक्कर आली, ती धरायची का?" त्या गर्दीत एजन्सीचे मेल बुडायला लागले. मी उत्तर देईपर्यंत कामं दुसऱ्याकडे गेलेली असायची. आणि दर मेलला फोन टुण्ण करायचा. भाजी चिरताना टुण्ण. आंघोळ करताना बाहेरून टुण्ण. धक्का नसतानाही घर हलतंय असं वाटायचं ते त्या आवाजानेच.

"नियम लाव ना," विनय म्हणाला. "रोज सगळी पत्रं एकाच पिशवीत का घेतेस?"

एका रविवारी त्याने माझ्या शेजारी खुर्ची ओढली आणि मला शिकवलं. मेलमध्ये नियम बनवता येतो. मेल या लिस्टच्या पत्त्यावरून आला असेल, तर तो इनबॉक्समध्ये न ठेवता अमुक फोल्डरमध्ये टाक. आवाज करू नकोस. नियम एकाखाली एक असतात, वरचा आधी लागतो, म्हणून क्रम जपायचा. आम्ही एक फोल्डर केला, नाव दिलं 'हादरे'. विनयने बटण दाबलं आणि इनबॉक्समधले शेकडो मेल डोळ्यांदेखत नाहीसे झाले. एजन्सीचे चारदोन तेवढे उरले. इतकं हलकं वाटलं! मी उठून चहा केला. आलं घालून, सावकाश.

ते हलकेपण टिकलं नाही. फोल्डरच्या नावापुढे कंसात न वाचलेल्या मेलांचा आकडा असतो. तो वाढत जायचा. आवाज नाही, काही नाही, नुसता आकडा. मी औषधाच्या दुष्परिणामांची यादी मराठीत करत असायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तो आकडा बघत असायची. वाढला की वाटायचं, झरीला काय झालं असेल? मग फोल्डर उघडायचा. मग एकच मोठा फोल्डर पुरेना. मी आत आणखी केले. डहाणू वेगळा, तलासरी वेगळा, सीमेपलीकडचा वेगळा. नुसता आवाज आला त्यांचा एक, पडझडीचा एक. तलासरीचं नाव कुणी 'तळासरी' लिहायचं, कुणी इंग्रजीत, कुणी गुजरातीत, आणि ते मेल माझ्या नियमातून निसटून भलतीकडे पडायचे. मग मी नियमात ती सगळी स्पेलिंगं घालायची. एका बाईने, कुणाच्या तरी फोनवरून, लिहिलं होतं, "जमीन बोलली." त्यात भूकंप नाही, हादरा नाही, धक्का नाही, गावाचं नाव नाही. तो कुठल्याच आतल्या फोल्डरमध्ये गेला नाही. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. कुठे टाकू?

विनय म्हणायचा, "तू आता भूकंपापेक्षा जास्त हलतेस."

सासूबाईंना मेल म्हणजे काय ते नीट माहीत नव्हतं, पण सुलूचं लिहिलेलं माझ्या फोनवर येतं हे त्यांना पक्कं कळलं होतं. सकाळी देवपूजा झाली की त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहायच्या. "काय म्हणते सुलू?" मी वाचून दाखवायची. सुरुवातीला सगळं. रात्री किती वेळा उठावं लागलं, शाळेच्या भिंतीची चीर कशी लांबली, ताडपत्रीवर दव कसं साचतं. ऐकताना त्यांचा हात पदराशी चाळा करत राही. एक दिवस त्यांचं ब्लडप्रेशर इतकं चढलं की डॉक्टरांनी गोळी बदलली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "बातम्या जरा कमी करा त्यांच्या."

विनय आणि मी बोललो. सुलूताईच्या मेलांसाठी त्याने आणखी एक नियम केला. तिचं काहीही आलं तरी तिच्या नावाच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये, गुपचूप. मी दुपारी सासूबाई झोपल्यावर वाचायची. आणि सकाळी त्या विचारायला आल्या की म्हणायचं, "आज काही नाही, आई. सगळं ठीक आहे." त्या मान हलवायच्या आणि बाल्कनीत जाऊन बसायच्या. प्रेशर उतरलं. आम्हाला वाटलं, जमलं.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. मी बाजारातून परत आले तर दार ओढून घेतलेलं, कुलूप नाही. आई घरात नाहीत. देवासमोर निरांजन विझलेलं, पलंगावर त्यांची घडी केलेली शाल नाही. मला आधी वाटलं हंसाबेनकडे असतील. हंसाबेन म्हणाल्या, "बा तर पिशवी लेके निकल गई. मैने पूछा, कहां? बोली, आती हूं." आमच्या हंसाबेन घाईत असल्या की हिंदीवर येतात.

देवळात नाहीत. भाजीवालीकडे नाहीत. एसटी स्टँडवर चौकशी खिडकीतल्या माणसाला मी वर्णन सांगितलं: नऊवारी, बारीक चण, चष्म्याला दोरी. तो म्हणाला, "त्या? तलासरीच्या गाडीत बसल्या ना. मलाच विचारलं गाडी कुठली ते." त्या बाईने गेल्या कित्येक वर्षांत एकटीने बस धरली नव्हती. गुडघे दुखतात म्हणून दवाखान्यातही रिक्षाने नेत होतो आम्ही. विनयचा फोन लागेना, तो रुळावर कुठेतरी कामात. सुलूताईचा लागेना. मी पुढची बस पकडली.

त्या प्रवासात मी एका जागी बसू शकले नाही. रिकाम्या बसमध्ये मी कधी या खिडकीला, कधी त्या. रस्त्यालगत पेंढ्याच्या उडव्या, वालाच्या शेतात वाकलेल्या बायका, कुठे कुठे घराबाहेर ओढून काढलेली बाज आणि त्यावर चादर. तलासरीला उतरून शेअर रिक्षा. महामार्गावर कंटेनरांची रांग, पलीकडे हातगाडीवर मडकी उपडी करून कुणी शेंगा-कंदांचं उबाडियू भाजत होता, ओव्याचा वास येत होता. मला ते सगळं दिसत होतं आणि डोक्यात एकच चालू होतं: पायरी चढताना पडल्या असतील. गोळी घेतली नसेल.

झरीला सुलूताईच्या खोलीला कुलूप होतं. मागच्या अंगणात चिंचेखाली निळी ताडपत्री बांधली होती. तिच्या सावलीत चारपाच बायका वालपापडी सोलत बसल्या होत्या, आणि त्यांच्यात, भिंतीला नाही, कशालाच न टेकता, आमच्या आई. समोर सुपात दाणे. मला बघून म्हणाल्या, "आलीस? पाणी पी आधी."

मला रडू फुटलं. "आई, सांगून तरी यायचं! आम्ही किती..."

"सांगितलं असतं तर तुम्ही येऊ दिलं असतं?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"रोज विचारलं तुला," त्या म्हणाल्या, आवाज न चढवता. "रोज तू म्हणालीस ठीक आहे. माझी मुलगी महिनाभर अंगणात झोपते आणि रोज सगळं ठीक? मला काय वाटलं असेल, सांग. मला वाटलं, ती आहे की नाही."

शेजारच्या बायका सोलायच्या थांबल्या होत्या. एकीने माझ्याकडे पितळी तांब्या सरकवला. "म्हातारीचं बरोबर हाय बाय," ती म्हणाली, "न सांगितल्याने जीव जास्त जातो."

सुलूताई शाळा सुटल्यावर आली. तिला आईंचं येणं पाड्यातल्या मुलांकडून आधीच कळलं होतं. ती वाळली होती, रंग उडाला होता, आणि तिने येऊन आईंच्या मांडीवर डोकं टेकलं. पन्नाशीला आलेली बाई. आईंनी तिच्या केसांत बोटं घातली आणि म्हणाल्या, "तेल नाही लावत का ग?"

तेवढ्यात तो आला. आधी कोंबड्या ओरडल्या. मग गुरगुर, पण इथे ती दूर कुठे नव्हती, आमच्या बसकरांखाली होती. जमीन एकदा वर उचलल्यासारखी झाली आणि खाली बसली. सुपातले दाणे उडाले. खोलीच्या कौलांतून माती सांडली. मी किंचाळले. आईंनी एका हाताने सुलूताईचं डोकं आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं होतं. जमीन थांबल्यावरही सोडलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्या घाबरल्या होत्या, ओठ कोरडे पडले होते. पण डहाणूच्या बाल्कनीत जी कासाविशी मी रोज बघत होते, ती त्या चेहऱ्यावर नव्हती.

"झालं," त्या म्हणाल्या. "वेचा आता दाणे."

मी त्यांना परत न्यायला आले होते. त्या आल्या नाहीत. "तुझं प्रेशर," सुलूताई म्हणाली. "मोज की इथे," आई म्हणाल्या, "गोळ्या पिशवीत आहेत." विनयशी फोनवर वाद झाला. तो ओरडला, मग म्हणाला, "तिला फोन दे." दोघं काय बोलले मला माहीत नाही. फोन परत देताना आई म्हणाल्या, "तो रविवारी माझी जाडी चादर घेऊन येतोय."

वार्षिक परीक्षा होईपर्यंत त्या तिथेच राहिल्या. गावातली नर्सताई येता जाता प्रेशर मोजायची. ते कधी चढलं, कधी उतरलं, डहाणूत व्हायचं तसंच. त्या काळात हादऱ्यांच्या लिस्टवर एक नवं नाव दिसायला लागलं. सुलूताईच्या जुन्या फोनवर कुणीतरी आईंचं मेलचं खातं उघडून दिलं होतं. त्या सांगायच्या, शाळेतल्या मुली लिहायच्या. लिस्टवर आणि शिवाय वेगळा मलाही. माझ्या पत्त्यावर आलेल्या त्यांच्या मेलला माझा एकही नियम लागू होत नव्हता. तो थेट इनबॉक्समध्ये, टुण्ण करत. पहिला मेल असा होता: "आज दुपारी धक्का आला. मी चहा पीत होते. थोडा सांडला. सुलू शाळेत आहे, बरी आहे. तू जेवलीस का?" पुण्याच्या प्राध्यापकांनी त्यांना उत्तर दिलं की वेळ नीट लिहा. आईंनी उलट कळवलं, "घड्याळ आत आहे, आम्ही बाहेर आहोत."

मी नियम काढून टाकले नाहीत. खोटं कशाला सांगू, आजही माझे फोल्डर आहेत आणि त्यांच्याशिवाय माझं काम चालणार नाही. फक्त माणसांच्या नावाचा फोल्डर मी पुन्हा केला नाही. आता आईंना सगळं वाचून दाखवते, त्या चिडतात, घाबरतात, गोळी घेतात. सुलूताई अजून झरीलाच आहे. शाळेची भिंत नवी झाली. धक्के कधी महिनोन् महिने येत नाहीत, आणि मग परवासारखी एखादी सकाळ येते.

अशा दिवशी मला त्या थंडीतलं खूप काही आठवतं, पण सगळ्यांत जास्त आठवते ती झरीहून परतीची संध्याकाळ. आईंना सोडून मी एकटीच निघाले होते. तलासरीकडे जाणारी बस मिळाली. उन्हं उतरली होती. मी खिडकीशी बसले, डोकं दुखत होतं. बस खड्ड्यांतून खडखडत चालली होती, मागच्या सीटवर दोन माणसं कुणाच्या तरी लग्नाचं बोलत होती.

आणि मला दिसलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी आहेत. एखाददुसरं नाही, प्रत्येक घरासमोर. एका न्हाव्याच्या टपरीबाहेर तोंडाला फेस लावलेला माणूस गळ्यात कपडा घेऊन उभा. एक बाई, हात कोपरापर्यंत तांदळाच्या पिठाने भरलेले. कडेवर पोर घेतलेली मुलगी. म्हातारे. सगळे आपापल्या दारापासून चार पावलं बाहेर येऊन थांबलेले, आणि आमच्या बसकडे बघत होते. कुणी हलत नव्हतं.

"काय झालं? कोण गेलं काय?" मागचा माणूस म्हणाला.

कंडक्टरने वाकून बाहेर पाहिलं. "धक्का बसला वाटतं."

"आपल्याला तर काय समजलं नाय."

"गाडीत कुठे समजतंय," कंडक्टर म्हणाला आणि तिकिटांच्या मशीनकडे वळला. लग्नाचं बोलणं पुन्हा सुरू झालं. माझ्या पर्समध्ये फोन होता. त्यात कुठल्या तरी फोल्डरपुढचा आकडा आता भराभर वाढत असेल, हे मला न बघताही कळत होतं. मी उठले. "थांबवा. मला उतरायचंय."

"तलासरी लांब आहे अजून, मॅडम."

"इथेच."

का उतरले ते त्याला सांगता आलं नसतं, आजही नीट सांगता येणार नाही. बस गेली. धूळ बसली. मी त्या पिठाच्या हातांच्या बाईसमोर उभी होते. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"भ्यालीस?"

"मला कळलंच नाही," मी म्हटलं. "बसमध्ये होते."

ती जरा सरकली, अंगणात माझ्यापुरती जागा झाली. "मंग थांब," ती म्हणाली, "अजून येल."

मी चपला काढल्या आणि तिच्या शेजारी उभी राहिले.